देवदत्ताचे रात्रीचे जेवण

मीमांसकांचा देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी अंगाने धष्टपुष्ट आहे. म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. डोळ्यांना दिसलेल्या दोन गोष्टींचा मेळ बसेना, की तो बसवण्यासाठी न दिसलेली तिसरी मानावी लागते. या मानण्याला त्यांनी अर्थापत्ती म्हटले आणि स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा दिला. नैयायिकांनी ते अनुमानातच बसवले. तो वाद इथे बाजूला ठेवू. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, याविषयीच्या विचाराची घडण अशीच आहे, आणि तिच्या आधारे एक युक्तिवाद वारंवार कानी येतो: विज्ञानालाही अखेर न दिसणारे मानावे लागले, मग ईश्वर, आत्मा, पुनर्जन्म मानायला हरकत कसली? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर तपशिलात शिरूनच द्यायला हवे. न दिसणारे मानण्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण ते मानणे प्रमाण कधी ठरते, हे त्यावर कोणती बंधने पडतात यावर अवलंबून असते; आणि ती बंधने फार स्वच्छ दिसतात ती आकाशगंगेभोवतीच्या खुज्या दीर्घिकांत.

कालेय तारकासमूहात सुमारे अडीच लाख प्रकाशवर्षांवर अशी एक दीर्घिका आहे. १९८३ साली मार्क अॅरनसन यांनी तिच्यातल्या अवघ्या तीन कार्बन ताऱ्यांचे वेग मोजले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाला शोभेल त्याहून त्या वेगांतला फरक बराच जास्त निघाला. तीन ताऱ्यांवर एवढा निष्कर्ष उभा करणे धाडसाचेच होते, पण पुढे शेकडो ताऱ्यांच्या मोजणीने तो पक्का केला. सिंह राशीतली सेग्यू-१ तर त्याहून टोकाची. तिचा सगळा उजेड मिळून काही शे सूर्यांएवढा. आकाशगंगेतला एखादा तेजस्वी तारा एकटाच तिच्याहून जास्त प्रकाश देतो. तिच्या ताऱ्यांचे वेग मात्र सरासरीच्या आजूबाजूला सेकंदाला सुमारे चार किलोमीटरने विखुरलेले आहेत. केवळ ताऱ्यांचे वस्तुमान असते तर हा आकडा अर्ध्या किलोमीटरच्याही खाली राहिला असता. हे तारे बांधून ठेवायला तिच्या मध्यभागातच काही लाख सूर्यांचे वस्तुमान लागते. देवदत्त रात्री जेवतो एवढे म्हणून इथे सुटका नाही. किती जेवतो, तेही सांगावे लागते. शिवाय दुसरा साक्षीदारही आहे. सेग्यू-१ मधल्या काही ताऱ्यांत लोहाचे प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी आहे, तर काहींत या हिश्श्याच्या कित्येक पट. म्हणजे आधीच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून उडालेले लोह सगळेच निसटले नाही, काही पुढच्या ताऱ्यांत मिसळले. एवढ्याशा ताऱ्यांच्या ओढीने ते अडले नसते. वेगांचे गणित आणि लोहाचा हिशेब वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी भेटतात.

याच्या शेजारी वैशेषिकांचे अदृष्ट ठेवून पाहावे. सुई लोहचुंबकाकडे ओढली जाते, त्याचे कारण वैशेषिकसूत्रांनी अदृष्ट, म्हणजे न दिसणारे काहीतरी, असे सांगितले. त्या काळी दुसरे कारण हाताशी नव्हते हे खरे. पण सुई किती अंतरावरून ओढली जाईल, हे त्या उत्तरातून कधीच निघू शकत नव्हते. सुई हलली तरी अदृष्ट, न हलली तरी अदृष्टच.

चार्वाक इथे विचारील, की व्याप्ती, म्हणजे अनुमान ज्यावर उभे असते तो अटळ संबंध, सर्वत्र आणि सर्वकाळ खरी असल्याची हमी कोण देणार? त्याचा आक्षेप पोकळ नाही. युरेनसच्या चालीतल्या विसंगतीवरून ल व्हेरिए यांनी न दिसलेला ग्रह मानला आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या चालीवरून त्यांनीच व्हल्कन नावाचा ग्रह मानला. तो कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच बदलला आणि विसंगती मिटली. माणूस तोच, पद्धत तीच. म्हणून मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्येच सुचवलेली वाट, म्हणजे अतिमंद त्वरणांत गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा असणे, उडवून लावता येत नाही. सर्पिल दीर्घिकांचे फिरणे ती थक्क करणाऱ्या अचूकतेने सांगते. खुज्या दीर्घिकांत मात्र ती अडखळते, तेव्हा तिचे समर्थक म्हणतात की आकाशगंगेच्या ओढीने या दीर्घिका विस्कटत आहेत, म्हणून वेग वाढलेले दिसतात. पण सेग्यू-१ ही एखाद्या मोठ्या दीर्घिकेचा विस्कटलेला अवशेष असती, तर तिचे तारे सरासरीने लोहात बरेच संपन्न असायला हवे होते. ते तसे नाहीत. मला कृष्णद्रव्याचे पारडे जड वाटते ते यामुळे, जरी त्याचा कण अजून कोणत्याही प्रयोगात हाती लागलेला नाही.

उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरासाठी अनुमाने मांडली आणि प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून अंगावर घेतले. त्या अनुमानांची परीक्षा त्यांच्याच बळावर व्हायला हवी. कृष्णद्रव्य सापडल्याने ती बळकट होत नाहीत आणि न सापडल्याने दुबळी होत नाहीत. कोणी म्हणेल, भक्तीला मोजणीची अट घालणे अन्यायाचे आहे. मला ते पूर्ण मान्य आहे, कारण भक्ती हा कसला निष्कर्षच नव्हे. पण मग तिने कृष्णद्रव्याचा दाखलाही मागू नये, कारण त्या दाखल्यासोबत ट्रायँग्युलम-२ ची हकीकतही येते. २०१५ साली मोजक्या ताऱ्यांच्या वेगांवरून या अंधूक दीर्घिकेत अतिशय दाट कृष्णद्रव्य असल्याचे सांगितले गेले. त्याच संशोधकांनी ते तारे पुन्हा मोजले, तेव्हा त्यांतला एक जोडतारा निघाला. साथीदाराभोवती फिरताना त्याचा वेग बदलत होता आणि आकडा त्यानेच फुगवला होता. २०१७ साली त्यांनी स्वतःच लिहिले, की ही दीर्घिका तेवढी दाट नाही.