पाहणे आणि ओळखणे

दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्यास जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत आम्ही उभे असता एका बाईने आमची आपुलकीने विचारपूस केली. ती कोण, हे आम्हांस काही केल्या उमजेना. शेवटी तीच हसून म्हणाली, "पाद्रीबाबा, मासळीची पाटी डोक्यावर नाही म्हणून ओळख विसरलात होय?" कित्येक वर्षे ती आमच्या दारी येत आहे. आम्ही तिची पाटी पाहिली, मासळी पारखली, मोड मोजून घेतली. तोंड मात्र कधी पाहिलेच नव्हते. तिने आमचे पाहिले होते.

हा दोष स्मरणाचा की नजरेचा? राल्फ अ‍ॅडॉल्फ्स व त्यांचे सोबती यांनी २००५ साली एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. तिच्या मेंदूतील बदामाएवढा एक भाग निकामी झाला होता, आणि भ्यालेल्या मनुष्याच्या मुद्रेवरील भय तिला ओळखता येत नसे. शोधाअंती दिसले की, तिची नजर समोरच्याच्या डोळ्यांकडे आपण होऊन वळतच नसे. "डोळ्यांकडे पाहा" असे सांगताच तिला भय ओळखू आले. सांगणे थांबले की पुन्हा पहिल्यासारखेच. तिला तर व्याधी होती. आम्हांपाशी ती सबब नाही.

परंतु डोळ्याला डोळा भिडवला तरच पाहिले, असेही कोणी समजू नये. ग्लासगो येथील संशोधकांनी २००८ साली दाखवले की, चेहरा पाहताना पाश्चात्त्यांची नजर डोळे व तोंड यांवर फिरते, तर पूर्व आशियातील लोकांची बहुधा नाकाच्या आसपास स्थिरावते. तरी ओळखण्यात दोघेही सारखेच. आपापल्या लोकांचे चेहरे मात्र दोघांसही अधिक नीट ओळखता आले.

आमच्या कोकणात खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पण खोताच्या ओसरीपुढे खाली घातलेली मान पुष्कळ घरांत वारशाने उतरली. असा मनुष्य पंचांपुढे नजर वर करीत नाही, म्हणून "हा काही लपवतो" असे शिकलेल्यांनी म्हटलेले आम्ही ऐकले आहे. हा उघड अन्याय होय. ज्याचे पोट दुसऱ्याच्या मर्जीवर, त्यास त्या दुसऱ्याची मुद्रा चोरून का होईना, वाचावीच लागते. ज्यास तशी गरज नाही, त्याचीच नजर माणसावरून घसरून पाटीवर जाते. आणि या दुसऱ्या वर्गात आम्ही केव्हा जाऊन बसलो, हे आमचे आम्हांसही कळले नाही.

पुढच्या आठवड्यात ती दारी आली, तेव्हा आम्ही आधी तिच्याकडे पाहिले. डाव्या भुवईवर जुना व्रण आहे. तो कशाचा, हे विचारण्याइतकी ओळख अद्याप झालेली नाही.