हाताला चिकटलेला भात

श्राद्धात नावानं हाक मारली जाते ती तिघांनाच. बाप, आजा, पणजा. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप. सपिंडीकरण पूर्वी वर्ष सरताना व्हायचं, आता बहुतेक घरांत बाराव्याच दिवशी होतं. त्यात गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करून ते वरच्या तिघांच्या पिंडांत मिसळतात. एक आत आला की वरचा एक बाहेर पडतो. आमचे आण्णा वसूंच्या जागी गेले आणि त्यांच्या पणजोबांची जागा सुटली. पैठणला नागघाटावर गुरुजींनी त्या पणजोबांचं नाव विचारलं, तेव्हा जमलेल्या भावकीत कुणालाच ते सांगता आलं नाही. सगळे आण्णांसाठी रडत होते. माझ्या मनात मात्र त्या बिननावाच्या माणसाचा विचार घर करून बसला. तीन पिढ्यांनी आण्णांचंही असंच होणार. मग नाव सुटल्यावर बाप जातो कुठे?

आमचं जुनं गाव नाथसागराच्या पोटात आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. मधल्या काळात आजोबांनी घराची दारं-चौकटी बैलगाडीत घातल्या आणि वर माळावर पुनर्वसनाच्या गावात नेऊन बसवल्या. नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. आण्णा तेव्हा तरणे होते. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. पुढे धरणग्रस्त म्हणून त्यांना कालव्यावर पाटकऱ्याची नोकरी लागली. ज्या पाण्यानं बापाचं रान बुडवलं, तेच पाणी दुसऱ्यांच्या रानात मोजून सोडायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम झालं.

डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. त्याच्या एका चारीची जबाबदारी आण्णांवर होती. शेजपाळीचा नियम असा, की पाणी आधी चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याला द्यायचं आणि तिथून एकेक रान भिजवत मुखाकडे यायचं. नियम कागदावर सोपा आहे. पण पाणी वाहतं मुखाकडून, आणि मुखापाशी ज्याचं रान असतं त्याच्या दारावरून ते रात्रभर जात असतं. गहू ओंबीवर आलेला असताना समोरून जाणारं पाणी पुढच्यासाठी सोडून देणं सोपं नसतं. रात्री चारी फोडली जायची. आण्णा घोंगडी आणि बॅटरी घेऊन बांधावर बसून राहायचे. कुणी दम दिला, कुणी पैसे दाखवले, कुणी नात्याचा वास्ता दिला. ते एवढंच म्हणायचे, ‘दादा, शेवटचा भिजला की तुझ्याकडंच येतो.’

गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, पण देवाविषयी ते फारसं बोलत नसत. सुट्टीत माझी मुलगी त्यांच्यासोबत चारीवर जायची. ती त्यांना आण्णाच म्हणायची. ते कडब्याचं एक चिपाड पाण्यात टाकत आणि दोघं काठाकाठानं त्याच्याबरोबर चालत. ते किती पावलांत पुढे गेलं यावरून पाण्याचा वेग तिला समजावून सांगत. आज ती जलसिंचनाचं शिक्षण घेते आहे. त्याचं मूळ त्या काठावर आहे यात मला तिळमात्र शंका नाही.

श्राद्धाच्या विधीतली एक गोष्ट मला नागघाटावर कळली. आदित्यापलीकडे गेलेल्या तीन पिढ्यांना वेगळा पिंड मिळत नाही, पण त्यांना वगळलेलंही नाही. पिंड वळून झाल्यावर हाताला जो भात चिकटून राहतो तो दर्भाला पुसतात. तो त्यांचा वाटा. त्यांना म्हणतात लेपभागी. नाव नाही, हाक नाही, जे हाताला राहिलं ते त्यांचं. हे ऐकून मला विलक्षण धीर आला. ज्यांनी हा विधी रचला त्यांना माणसाच्या आठवणीचा पल्ला नीट माहीत होता. ज्याच्या मांडीवर बसलो तो आजा आठवतो, फार तर पणजा. त्यापुढे आठवण पुरत नाही, म्हणून त्यांनी हाताला चिकटलेल्या भातावर भरवसा ठेवला.

तरी मूळ प्रश्न उरतोच. मेलेल्याला इथलं अन्न पोचत असेल, तर वाटसरूला शिदोरी कशाला बांधून द्यायची, घरीच पान वाढलं की झालं, अशी चार्वाकांची हरकत माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त आहे. तिला माझ्यापाशी उत्तर नाही आणि ते शोधावंसंही वाटत नाही. कारण आमच्या पैठणच्या नाथांनी हा प्रश्नच वेगळ्या जागी नेऊन ठेवला.

नाथांचे आईवडील, सूर्यनारायण आणि रुक्मिणी, ते लहान असतानाच गेले. त्यांना वाढवलं आजोबा चक्रपाणींनी, आणि चक्रपाणी हे भानुदासांचे पुत्र. म्हणजे नाथ ज्या बापाला पिंड देत होते त्याचा चेहरासुद्धा त्यांना आठवत असेल की नाही कोण जाणे. श्राद्ध म्हणजे नुसती आठवण असती, तर नाथांच्या ओंजळीत काय होतं? श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा वास सुटला, वाटेनं जाणारी, अस्पृश्य ठरवलेली भुकेली माणसं थबकली, आणि नाथांनी पितरांसाठी शिजवलेलं अन्न त्यांना वाढलं. निमंत्रित ब्राह्मणांनी बहिष्कार घातला. चरित्रकार सांगतात, मग पितर स्वतः येऊन जेवले. चमत्कारापाशी मी अडत नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. भुकेले आधी जेवले, पितर मागून आले.

पितृपंधरवड्यात आमच्याकडे पाच माणसांना पितर म्हणून जेवायला बोलावतात. आण्णा भावकीतली माणसं न बोलावता चारीच्या शेवटच्या गावातली बोलवायचे. चुलतआजोबांनी एकदा रागानं विचारलं, हे आपले कोण? आण्णा म्हणाले, ‘आपल्या रानावरचं पाणी ह्यांच्या रानात गेलं. म्हणजे सोयरेच की.’ त्या वेळी मी लहान होतो, मला ते फक्त उदार बोलणं वाटलं. आता वाटतं, बुडालेल्या जमिनीचं जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी या एका वाक्यात करून टाकलं होतं.

ही रीत मी पुढे चालवली आहे. यंदा मुलीनं स्वतः पाण्यात तीळ घालून तर्पण केलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडताना तिनं आण्णांचं नाव स्पष्ट घेतलं. कावळ्याला घास ठेवून झाला आणि शेवटच्या गावाहून आलेली माणसं पंगतीला बसली. त्यांत दोन तरुण पोरं होती. आण्णा निवृत्त झाले तेव्हा ती शाळेतही जात नसतील. त्यांच्या बापजाद्यांच्या रानाला पाणी कुणी राखलं, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. माझी मुलगी त्यांना आण्णांविषयी सांगायला पुढे झाली. मी तिच्या हातात खिरीचं पातेलं दिलं आणि म्हणालो, आधी वाढ.