कोंबडीवरचा खटला

जामखेड तालुक्यातल्या एका वाडीवर आप्पा राहत होता. सीना नदी वाडीपासून फार लांब नाही, आणि अहिल्यादेवींचं चौंडीही त्याच अंगाला. दोन म्हशी, एक जर्सी गाय, थोडं कोरडवाहू रान, आणि या सगळ्याचा भार वाहणारी एक जुनी स्प्लेंडर. रोज सकाळी तिच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायच्या आणि डेअरीचा काटा बंद व्हायच्या आत दूध पोचवायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम.

ऐन श्रावणात या नेमात खंड पडू लागला. अंगणात गाडी पहिल्या किकला चालू व्हायची, वाडीचा उतार उतरायची आणि पाझर तलावाच्या बांधावर पोचली की आचके देऊन बंद. मग किकवर किक. आप्पाच्या पोटरीत गोळा यायचा आणि किटल्यांतलं दूध उन्हात तापत राहायचं. पेट्रोल संपलं की काय म्हणून तो टाकीचं टोपण उघडायचा, आत डोकवायचा, टोपण लावायचा, खंडोबाचं नाव घेऊन किक मारायचा, आणि गाडी चालू! देव पावला म्हणत तो निघायचा, तर पुढे तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच रडगाणं. एके दिवशी तो पोचला तेव्हा काटा बंद झाला होता. दूध घरी परत आलं आणि तापवायला ठेवलं तर फाटलं. त्या दिवसापासून आप्पाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

मिस्त्रीकडे गाडी टाकली तर ती दोन दिवस तिथेच अडकणार, आणि म्हशी काही दोन दिवस दूध द्यायचं थांबवत नाहीत. तेव्हा आप्पाने मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले, पान्यांचा डबा काढला आणि लिंबाखाली स्वतःच गॅरेज मांडलं.

घरी गाडी खोलणाऱ्याची जी परवड होते ती सगळी त्याच्या वाट्याला आली. दहाचा पाना हवा असला की हाताला बाराचा लागायचा. गंजलेला स्क्रू फिरायच्या ऐवजी त्याची खाचच झिजायची. व्हिडिओतला माणूस जी नळी चिमटीने अलगद काढून दाखवत होता, तिने आप्पाच्या बोटाचं सालपट काढलं, पण ती जागची हलली नाही. प्लग काढला तर काजळीने काळा झालेला. तो पॉलिश पेपरने घासला. एअर फिल्टर झटकला. गाडी पुन्हा जोडून फेरी मारली, आणि गाडी पुन्हा बांधावरच बंद पडली.

आता दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय जिवाला चैन पडेना. पहिला संशय उंदरावर गेला. गोठ्यातले उंदीर वायरी कुरतडतात हे खरंच आहे. आप्पाने सीट काढून एकूण एक वायर चाचपली. सगळ्या धड होत्या. तरीही रात्री त्याने पिंजरा लावला.

दुसरा आरोपी वाडीवरचा कुत्रा. तो रोज मागच्या चाकावर तंगडी वर करायचा. गावोगावच्या रस्त्यांवरून फिरून आलेल्या टायरला परक्या कुत्र्यांचा वास लागलेला असतो, म्हणून तो तिथे आपली खूण करून जातो. त्यात इंजिनाला बाधा होईल असं काही नाही. पण आप्पाने चप्पल भिरकावलीच. कुत्रा केकाटत उकिरड्यामागे गेला आणि थोड्या वेळाने शेपूट हलवत परत आला.

मग आप्पाने थेट कार्बोरेटरला हात घातला. खालची वाटी सोडवली, तळाशी साचलेला गाळ पाहून त्याला हुरूप आला. पितळेचे दोन्ही जेट पेचकसाने सोडवले. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी छोटी नळी. त्यातला मोठा जेट मक्याच्या दाण्याएवढा, तशाच पिवळ्या रंगाचा, आणि मधोमध सुई जाईल न जाईल असं भोक. त्या भोकात तार घालायची नसते. भोक जरा जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं, म्हणून ते फुंकर मारूनच साफ करतात. इतकं सगळं आप्पा शिकला होता. मध्येच डेअरीवरून फोन आला. बोलून, चार शब्द ऐकून, चिडून तो परत आला आणि कामाला लागला. सगळं धुऊन झालं, तर वर्तमानपत्राच्या कागदावर एकच जेट होता. तो लहान. मोठा गायब.

आणि कागदाच्या कडेला घरची गावरान कोंबडी, मागे पिलांची रांग, जमिनीवर चोच मारत उभी.

आप्पाला दुसरा पुरावा लागला नाही. पिवळा, दाण्याएवढा, चकाकणारा जेट, आणि समोर कोंबडी! हातातला पाना त्याने फेकून मारला. तो तिच्या पायाला लागला. ती फडफडत पडली, उठली आणि लंगडत पळाली. त्याने तिला धरून डालग्याखाली डाललं. वर दगड ठेवला. पिलं बाहेर राहिली ती डालग्याभोवती चिवचिवत फिरू लागली.

"हिनंच गिळलाय. कापल्याबिगर निघायचा न्हाई," आप्पा म्हणाला.

"श्रावण हाय घरात," आतून त्याची आई म्हणाली. "अमावस्या होऊस्तोवर सुरीला हात लावायचा न्हाई."

आप्पाची धाकटी मुलगी तिसरीत होती. ती डालग्यापाशी बसून रडत होती. "पप्पा, तिनं न्हाई खाल्लं."

"तू बघितलंस?"

"न्हाई. तुम्ही बघितलंत?"

आप्पाने उत्तर दिलं नाही. शेजाऱ्याची गाडी मागून त्याने संध्याकाळचं दूध घातलं आणि जेवायलाही धड बसला नाही.

रात्री म्हातारी नातीला घेऊन ओट्यावर बसली. 2025 साली अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा ती चौंडीला जाऊन आली होती, आणि तेव्हापासून तिच्या तोंडी देवींच्या गोष्टी असायच्या. त्यातली एक तिने त्या रात्री काढली. आप्पाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ही गोष्ट मराठी मुलुखात आणि माळव्यात घरोघर सांगतात. देवींचे चिरंजीव मालेराव यांच्या रथाखाली एक वासरू सापडून मेलं. गाय त्याच्यापाशी बसून राहिली. देवींना कळलं तेव्हा त्यांनी पोटच्या पोराला तीच शिक्षा फर्मावली, आणि रथ हाकायला कुणी धजेना म्हणून त्या स्वतः रथावर चढल्या. रथ सुटला की ती गाय आडवी यायची. हाकलली तरी पुन्हा यायची. शेवटी लोक म्हणाले, गाईनेच माफ केलं, आता सोडून द्या. इतिहासाच्या कागदांत याला आधार नाही. मालेराव 1767 मध्ये आजारपणात गेले. पण लोकांनी ही गोष्ट जपली, कारण न्याय असा असावा असं त्यांना वाटलं.

"सगळे म्हणत्यात, गाईनं माफ केलं," म्हातारी म्हणाली. "मला न्हाई पटत. माफ कोण करतंय? ज्यानं मनात गुन्हा धरलाय त्यो. गाईच्या मनात गुन्हा न्हवताच. वासरू गेलं एवढंच तिला ठावं. कुणी मारलं, का मारलं, हे सगळं माणसाचं. ती आपली चाकापुढं हुबी राहिली. एक लेकरू गेलं, दुसरं जाऊ नये, एवढंच."

"मग आपली कोंबडी?" नातीने विचारलं.

"तिला तरी कुठं ठावं, तिच्यावर आळ हाय ते? ती पिलांसाठी वरडतीय. आळ आपल्याच डोक्यात. म्हणून तर भ्या वाटतं बघ. माणसावर आळ घेतला तर त्यो चार शिव्या देऊन सांगंल, मी न्हवतो म्हणून. ही काय सांगणार?"

आप्पा कूस बदलून पडून राहिला.

पहाटे वाडीवरचे नाना आले. नानांची सारी उमेद नगरला लुनाच्या कारखान्यात गेली होती. लुना 1972 साली आली. खेड्यापाड्यातल्या ज्या घरात तोवर सायकलच होती, तिथे तिने पहिल्यांदा इंजिन आणलं. तिला पेडल असायचं, त्यामुळे बंद पडली तरी माणूस घरी पोचायचा, असं नाना अभिमानाने सांगायचे. पसरलेले भाग पाहून ते बाजेवर टेकले.

"आप्पा, गाडी कशी बंद पडते ते सांग. खोललंस काय काय, ते नंतर."

आप्पाने सांगितलं. बांधापर्यंत चालते, बंद पडते, टोपण उघडून बघितलं की चालू होते.

"टोपण उघडताना फुस्स असा आवाज येतो का?"

"येतो की."

नाना उठून टाकीपाशी गेले. टोपण उलटं करून त्यांनी नखाने खरवडलं. नखात मेण आलं. "हे काय?"

"पाऊस लागला तवा टाकीत पाणी जात हुतं. मीच बुजवलं."

"आणि गाडी कधीपासून रुसली?"

आप्पा बोलायचा थांबला. पाऊस, मेण आणि बांधावरचं बंद पडणं, तिन्ही एकाच आठवड्यातलं होतं.

"टाकीतून जेवढं पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत जावी लागते," नाना म्हणाले. "त्यासाठी टोपणाला बारीक भोक ठेवलेलं असतं. ते बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टोपण उघडलंस की हवा जाते आणि गाडी चालू होते. खंडोबाला उगीच तसदी दिलीस. कार्बोरेटर खोलायची गरजच नव्हती."

"पण जेट? तो तर कोंबडीनं..."

"जेट काढून कुठं ठेवलेस?"

"वाटीतच टाकले, तिथल्या पेट्रोलात भिजत."

"मग?"

"फोन आला. आल्यावर एक काढून कागदावर ठेवला, आन् वाटीतलं गढूळ पेट्रोल..."

त्याची नजर लिंबाच्या बुंध्याशी ठेवलेल्या जुन्या डालड्याच्या डब्याकडे गेली. नानांनी फडकं धरलं, आप्पाने डबा हळूहळू कलता केला. पेट्रोल गळून गेलं. शेवटी गाळ आला आणि गाळातून मोठा जेट फडक्यावर पडला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग नाना म्हणाले, "आमच्याकडं नवा पोरगा कामाला लागला की त्याला मी एकच गोष्ट सांगायचो. काही बिघडलं की आधी बघायचं, शेवटचा हात कुणाचा लागला. दहातल्या नऊ वेळा तो आपलाच असतो."

आप्पाने डालगं उचललं. त्याला वाटलं होतं, कोंबडी चोच मारेल, निदान दूर पळेल. ती लंगडत बाहेर आली, पिलांना पंखाखाली घेतलं आणि त्याच्याच पायाशी सांडलेले मक्याचे दाणे टिपू लागली. म्हातारीने तेल-हळदीची चिंधी आणली. आप्पाने कोंबडी मांडीवर धरली आणि म्हातारीने तिच्या पायाला चिंधी बांधली. कोंबडीचं लक्ष दाण्यांवरच होतं.

"बघ," म्हातारी म्हणाली, "ती काही तुला माफ करीत न्हाई. माफी मागायची तर सोताच्या मनाची माग, आन् पुढच्या वक्ताला पाना उचलायच्या आधी माग."

मेण काढलेलं टोपण लावून गाडी बांधापलीकडे गेली आणि डेअरीपर्यंत विनातक्रार पोचली. उंदराचा पिंजरा रिकामाच होता. धाकटीने तो उचलून माळ्यावर टाकला. त्यानंतर आप्पाच्या गाडीत बिघाड झालेच. जुनी गाडी म्हटल्यावर ते व्हायचेच. पण आता तो आधी आठवतो, मागच्या खेपेला आपण कुठला स्क्रू फिरवला होता. घरात काही हरवलं, सांडलं, फुटलं तरी त्याची सुरुवात तिथूनच होते.

तात्पर्य : यंत्राला मन नसतं आणि मुक्या जनावराच्या मनात कपट नसतं. त्यामुळे दोघांवरही राग काढणं सोपं जातं, कारण दोघंही उलटून जबाब देत नाहीत. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्यावर ठपका ठेवायचा असेल, तर पुरावा दुप्पट तपासावा, आणि तपासाची सुरुवात आपल्या हातापासून करावी.