आशीर्वाद कोणाचा?

सेवानिवृत्तीनंतर मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. माझ्या छोट्या संग्रहातील सर्वांत आवडते नाणे प्रशियाचे, १८६२ सालचे. सुमारे साडेअठरा ग्रॅमच्या या टालरवर राजा विल्हेल्मची मुद्रा आहे आणि अक्षरे आहेत : ‘मान्सफेल्डच्या खाणकामाचा आशीर्वाद’. तेथील खाणींतून निघालेल्या चांदीचेच ते पाडलेले आहे.

अशा नाण्यांना जर्मन भाषेत ‘आउसबॉइटे टालर’ म्हणतात. ‘आउसबॉइटे’ म्हणजे खाणीचे उत्पन्न. भागधारकांत वाटला जाणारा नफाही त्याच नावाने ओळखला जाई. परंतु त्याच धातूपासून झालेला ‘आउसबॉइटुंग’ हा शब्द शोषण या अर्थानेही वापरतात. शब्दकोशात हे वाचले आणि हातातील नाणे एकाएकी जड वाटू लागले.

‘टालर’ हे नाव ज्या योआखिमस्टाल गावावरून पडले, तेथे सोळाव्या शतकात गेओर्ग आग्रिकोला हा वैद्य होता. त्याचा खाणकामावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ साली प्रसिद्ध झाला. खाणींमुळे अरण्ये तुटतात, ओढ्यांचे पाणी विषारी होऊन मासे मरतात, हे आक्षेप त्याने लपविले नाहीत. धातूंवाचून मनुष्य पशूसारखा जगेल, असे त्याचे उत्तर. ते खोटे कसे म्हणावे? मात्र तोच लिहितो की, कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकामागून एक सात पती गमावलेल्या स्त्रिया आढळतात. खाणीतील धुळीने त्या पुरुषांची फुप्फुसे पोखरली होती.

नोकरीत असताना खनिज महसुलाचे तक्ते माझ्या टेबलावरून जात. वसुली वाढली की शाबासकी मिळे. खाणीत कोण खोकतो, हा रकाना तक्त्यात नव्हता; मीही तो कधी मागितला नाही. तेव्हा दोष केवळ प्रशियाच्या राजाला कसा देऊ?

नाणे विकून टाकावे, असेही मनात आले. पण त्याने वस्तू माझ्या हातून जाईल, प्रश्न जाणार नाही. त्या चांदीचे सौंदर्य खरे आहे, आशीर्वादही खरा आहे. तो मिळाला कोणाला आणि त्याची किंमत मोजली कोणी, एवढेच नाण्यावर कोरलेले नाही. म्हणून नाणे मी ठेवले आहे. पाहुण्यांना दाखविताना आता त्याचे वजन व दुर्मिळता सांगण्याआधी त्या सात पतींची गोष्ट सांगतो. काहींचा विरस होतो. होऊ द्यावा.