‘धरणात सोडून देतो’ म्हणे!

काय म्हणालास मघाशी? परत म्हण. ‘बाई, आता टाकीत मावत नाही, रविवारी खडकवासल्याला जातो आणि धरणात सोडून देतो.’ आणि वर हसलास. जसं काही पिंजऱ्यातला पोपट सोडून पुण्य पदरात पाडून घेणार आहेस! अकरावी-बारावी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचास. प्राणिशास्त्रात मार्क चांगले होते तुझे. ते मार्क कुठे गेले रे?

तो मासा कोण आहे, माहीत आहे का तुला? ‘ॲलिगेटर गार’ एवढं नाव पाठ केलंस, कारण नाव भारी वाटतं. उत्तर अमेरिकेतला, मिसिसिपीच्या खोऱ्यातला प्राणी तो. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो बघून घेतलास तेव्हा बोटाएवढा होता. पूर्ण वाढला की 2 मीटरच्या पुढे जातो. घेताना विचारलंस का कुणाला, हा किती वाढतो? विचारलं असतंस तरी विकणाऱ्याने ‘टाकीएवढाच वाढतो’ असंच सांगितलं असतं. शुद्ध थाप आहे ती. टाकीत मासा खुंटतो, कुबड येतं, कल्ले खराब होतात आणि हाल होऊन मरतो. त्याला ‘टाकीएवढाच वाढतो’ म्हणत नाहीत.

आणि आता धरणात. बारावीला माशांचं श्वसन शिकवताना सांगितलं होतं, की काही मासे कल्ल्यांखेरीज दुसऱ्या मार्गानेही हवा घेतात. गार त्यातलाच. त्याचा वाताशय रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की हा वर येऊन हवा गिळतो. म्हणजे शहरातून वाहणाऱ्या मुठेत आपले मासे गुदमरतील आणि तुझा पाहुणा आरामात जगेल. त्याच्या खवल्यांवर दाताच्या एनॅमलसारखं टणक आवरण असतं, त्यामुळे मोठा झालेला गार आपल्या पाण्यातला कोण खाणार? त्याची अंडीही माणसांना, पक्ष्यांना विषारी असतात. खायचं काम तेवढं तो करणार.

हे काही मी तुला घाबरवायला रचून सांगत नाही. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात गार सापडला. त्याच वर्षी भोपाळच्या बड्या तलावात सापडला. 2018च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत गारही मिळाले आणि अमेझॉनचा अरापायमाही. हे मासे मिसिसिपीतून पोहत आले का? कुणाच्या तरी टाकीतून, कुणाच्या तरी शेततळ्यातून आले. तुझ्यासारख्याच कुणीतरी हौशीने आणलेले.

‘एका माशाने काय होतंय बाई?’ थांब, हे वाक्य तुझ्या ओठांवर आलंय ते दिसतंय मला.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या एका तळ्यात एका माणसाने दोन मासे सोडले. बाजारातून खायला आणलेले होते, नको झाले म्हणून सोडले. 2002 साली तळ्यात त्यांची शेकडो पिल्लं सापडली. शेवटी सरकारला अख्ख्या तळ्यात विष घालावं लागलं. मासा कोणता, माहीत आहे? मरळीचा चिनी भाऊबंद. त्याच वर्षी अमेरिकेने मरळीच्या अख्ख्या कुळावर बंदी घातली, आपली मरळही त्यात आली. तुझी बहीण न्यू जर्सीत राहते ना? तिला म्हणावं, तिथे जिवंत मरळ मागवून बघ, मग कळेल बंदी काय असते. आपल्या बाजारात टोपलीत वळवळणारी, आजारी माणसाला कालवण करून घालायची मरळ तिकडे गुन्हा ठरते. का? तिकडच्या पाण्यात तिला आवरणारं कुणी नाही म्हणून. मासा तोच, पाणी बदललं. एवढी साधी गोष्ट तुझ्या डोक्यात का शिरत नाही?

तुझ्या टाकीच्या काचेला चिकटलेला तो सकरही बघितला मी. ‘शेवाळ खातो, टाकी साफ ठेवतो’ म्हणून सगळे घेतात. दोन बोटांचा असतो तेव्हा, पुढे हातभर होतो आणि मग त्यालाही नदीची वाट दाखवतात. आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत, वाराणसीच्या गंगेत हे दक्षिण अमेरिकी सकर जाळ्यात येतात. अंगावर हाडांचं चिलखत, पंखांना काटे, जाळी फाटते. कोळी बिचारा जाळं सोडवत बसतो आणि हातात काय, तर बाजारात कुणी विचारत नाही असा मासा. नर काठाच्या मातीत बिळं पाडतात, त्यांत अंडी घालून घेतात, काठ पोखरला जातो. हासुद्धा हवा गिळून जगतो, पोटाने. तुम्ही हौशी लोक सोडायला नेमके तेच मासे निवडता जे मरत नाहीत. नाजूक असतात ते तुमच्या टाकीतच मरून गेलेले असतात म्हणा.

बरं, परदेशी मासाच लागतो असंही नाही. आता जे सांगते ते नीट ऐक, कारण हे मला स्वतःला फार लागतं.

आपल्या मुळा-मुठेतला महाशीर. कर्नल साइक्सने 1839 साली जगाला त्याची शास्त्रीय ओळख करून दिली ती इथलाच, पुण्याच्या खालच्या अंगाचा नमुना पाहून. त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ आहे, ते त्याने इथल्या लोकांच्या तोंडूनच उचललं. पुढे धरणं झाली, सुरुंग लावून मासे मारले गेले, महाशीर कमी झाला. 1970च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर त्याची पैदास सुरू झाली. फार चांगलं काम. लाखो पिल्लं तयार झाली. मग ती देशभर वाटली गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून दुसरा एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी. जगात फक्त त्याच नदीच्या खोऱ्यात सापडणारा. आपला निळ्या पंखांचा महाशीर तिथे माजला आणि तो उंच पाठीचा हळूहळू जाळ्यात यायचाच बंद झाला. 2018 साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. धरणं, वाळूउपसा, शिकार ही कारणं आहेतच, पण आपल्या हाताने सोडलेली पिल्लंही त्यात आहेत. विचार कर. देशातलाच मासा, जातकुळी तीच, सोडणारे अभ्यासू, हेतू मासा वाचवण्याचा. तरी हे झालं. आणि तू रविवारी सकाळी बादलीत गार घेऊन निघालास!

भिगवणला जाऊन चिलापी खातोस ना चवीने? ती मूळची आफ्रिकेची. 1952 साली तिलापिया या देशात आणला गेला, खाण्यासाठी. आज उजनीत काय मिळतं आणि काय मिळेनासं झालं, ते तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांना विचार. चिलापीवर त्यांचं पोट चालतं हे मला कळतं, त्यांना मी काही बोलणार नाही. तुला बोलते, कारण तुझं पोट तुझ्या टाकीवर चालत नाही.

आता कागदांकडे ये. ‘मासाच तर आहे, त्याला कसला परवाना?’ असं म्हणालास. मासा हा प्राणी आहे, बाळ. बाहेरून जिवंत मासा आणायचा तर आधी केंद्र सरकारचा आयात परवाना, मग मासा. त्याच्याबरोबर तिकडच्या अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्र. उतरायचं ठरावीक ठिकाणीच. उतरल्यावर विलगीकरण, आणि तेवढे दिवस तब्येत ठीक राहिली तरच पुढे. कायदा 1898 सालचा आहे, गुरांचे रोग बाहेरून येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी केलेला; पुढे त्यात सुधारणा झाल्या. विलगीकरणाचं नाव काढलं की दुकानदारांच्या कपाळावर आठ्या पडतात, खर्च वाढतो म्हणून. पण 1988 साली ईशान्येकडून शिरलेल्या व्रणरोगाने या देशात काय केलं, ते त्यांनी पाहिलं नसेल. मरळीच्या अंगावर लालभडक जखमा, आतलं मांस दिसायचं, आणि तळीच्या तळी गेली. तुझ्या त्या पिशवीतल्या पाण्यात काय काय आलं, तपासलंस? नाही. ते पाणी कुठे ओतलंस? मोरीत. मोरी कुठे जाते?

‘कोण विचारतंय’ हा तुझा सगळ्यात मोठा परवाना. तो विकणाराही तोच दाखवतो. थाई मांगूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे, तरी लोक चोरून पाळतात आणि मग धाड पडली की जेसीबीने तळी बुजवताना रडतात. तेव्हा कुणीतरी विचारतं बरं का.

आणि ती दुसरी टाकी, झाकलेली. झाकलीस तरी दिसली. लालसर सोनेरी, मिशीवाला, डौलात फिरणारा. अरोवाना. तोंडाने तू ‘सिल्व्हर आहे’ म्हणालास. बारा गावचं पाणी प्यायले आहे मी, सिल्व्हर कोणता आणि आग्नेय आशियातला कोणता, एवढं कळतं मला. सिल्व्हर दक्षिण अमेरिकेतला. तो वेगळा, त्याचं शेपूट बघ, पंख कसे मागे सलग निमुळते होत जातात. हा तसा नाही. हा आशियाई. 1975 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात सगळ्यात कडक यादीत आहे. कायदेशीर आलेला असेल तर नोंदणीकृत प्रजनन केंद्रातला असतो, अंगात चिप असते, दाखला असतो. तुझ्याकडे यातलं काय आहे? ‘एका मित्राने दिला.’ मित्राने दिला म्हणजे दाखला झाला का?

वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहे. त्या करारातल्या प्राण्यांसाठी वेगळी चौथी अनुसूची आली. यातला जिवंत प्राणी घरात असेल तर त्याची नोंद करायची. त्याचे नियम 28 फेब्रुवारी 2024 ला निघाले. परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, सहा महिन्यांची मुदत होती. प्राणी मेला, विकला, पिल्लं झाली तरी कळवायचं. तू आयटीत काम करतोस, दिवसभर पोर्टलंच बनवतोस, आणि हे एक पोर्टल तुला उघडता आलं नाही? मुदत कधीच टळली. त्याच दुरुस्तीत परकीय घुसखोर प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं, पैदास यांवर बंधनं घालायचा अधिकारही केंद्राने घेतला आहे. तेव्हा आज गारला कुणी हात लावला नाही म्हणून उद्याही लावणार नाही, अशा भरवशावर राहू नकोस.

समुद्री टाकी करायचं मनात आहे म्हणालास तेव्हा मी काही बोलले नाही, आता बोलते. समुद्रघोडा आणि जिवंत प्रवाळ 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यात शिक्षा किमान 3 वर्षं, 7 वर्षांपर्यंत जाते. ‘दुकानात मिळतं’ हे न्यायाधीशांना सांगून बघ.

‘पण बाई, 2017चे टाकीचे नियम मागे घेतले ना?’ घेतले. मे 2017 मध्ये केंद्राने फिश टँकच्या दुकानांसाठी नियम काढले होते. काचेच्या गोल वाडग्यात मासा ठेवायला बंदी, 158 जातींची यादी, दुकानाची नोंदणी. ओरड झाली, पुढे ते मागे घेण्यात आले. माझं मत विचारशील तर ते घाईत केले होते, यादीही धड नव्हती, आणि वाडग्याची बंदी तेवढी ठेवायला हवी होती. पण ते क्रूरतेच्या कायद्याखालचे नियम होते. ते गेले म्हणून आयातीचा कायदा गेला नाही, वन्यजीव कायदा गेला नाही. एक दार उघडं सापडलं की सगळं घर मोकळं, असं समजणाऱ्यांना काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

आता रडवेला होऊ नकोस. तोंड पाडून काही होत नाही. काय करायचं ते लिहून घे, वही नसेल तर मोबाइलवर लिही.

गार कुठल्याही पाण्यात जायचा नाही. धरण नाही, तळं नाही, विहीर नाही, सोसायटीचं कारंजंही नाही. उद्या मत्स्य विभागाच्या कार्यालयात जा, माशाचं माप आणि फोटो घेऊन, आणि खरं सांग. एखादं मोठं मत्स्यालय घेतं का, ते विचार. नाहीच घेतलं तर पशुवैद्याकडून तो शांतपणे संपवायचा. माशांचं कळणारा डॉक्टर लवकर मिळणार नाही, चार फोन करावे लागतील, ते कर. लवंगेच्या तेलातल्या द्रव्याने माशाला भूल देतात आणि मात्रा वाढवून मारतातही. पण ते स्वतः यूट्यूब बघून करायचं नाही. असं बघू नकोस माझ्याकडे. हो, मारायचाच. नदीतल्या हजार जिवांपेक्षा तुझा एक मासा मेलेला मला चालेल. तुला चालत नसेल तर आणायच्या आधी हा विचार करायला हवा होतास.

अरोवानाचं वन विभागाकडे जाऊन सांगायचं. वकिलाला बरोबर घे. दंड झाला तर भर. ज्या मित्राने दिला त्याचं नावही सांगायचं, मैत्री गेली तर गेली.

सकर टाकीतच राहू दे, त्याला टाकी मोठी घे. पंधरा वर्षं जगू शकतो तो, तेवढी वर्षं त्याला सांभाळायचं. आणि त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उद्या सकाळी हे सगळं लिहायचं, तुझ्या नावाने. आधी मला वाचून दाखव, शुद्धलेखन तुझं अजून तसंच असणार.