वाकलेल्या रेघा

दुसऱ्याच्या चष्म्याला नावे ठेवण्यात आपण मोठे पटाईत असतो. 'त्याने कसला चष्मा लावला आहे कोण जाणे,' असे म्हणताना आपल्या स्वतःच्या नाकावर काहीच नाही, असे आपण धरून चालतो. या समजुतीला तडा जायला शाळेच्या प्रयोगशाळेतील साधे सूक्ष्मदर्शक यंत्र पुरते. आमच्या शिरूर-दौंड भागात कांद्याला तोटा नाही. त्यामुळे कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी हा मुलांचा पहिला धडा. पण एकदा पापुद्र्याऐवजी काचपट्टीवर ग्राफ पेपरचा तुकडा ठेवावा, सर्वांत कमी शक्तीचे भिंग लावावे आणि वरून मोबाइलने फोटो काढावा. मधल्या रेघा सरळ येतात. कडेच्या मात्र पोट सुटल्यासारख्या बाहेर फुगतात, नाहीतर आत खचतात. त्या सरळच छापलेल्या आहेत हे आपल्याला आधी ठाऊक असते, म्हणून दोष भिंगाचा हे कळते. कांद्याची पेशी तशी दिसली असती, तर असेल बापडी वाकडी, असे म्हणून आपण पुढे गेलो असतो.

कारण साधे आहे. भिंग मध्यावर जेवढे मोठे करून दाखवते, तेवढेच कडेला दाखवत नाही. कडेला कमी मोठे केले की चौकोन पिंपासारखा फुगतो. जास्त केले की त्याचे कोपरे उशीच्या टोकांसारखे ओढले जातात. हे सारे मध्यापासूनच्या अंतरावर ठरते आणि गणितात बसते. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून नकाशे करणाऱ्यांना याचा फार उपद्रव होई. त्यांच्या कामासाठी डुएन ब्राउन या अमेरिकन गृहस्थाने १९६६ मध्ये जी समीकरणे मांडली, त्यांचेच वंशज आज संगणकात नांदत आहेत. रेघांची छेदस्थाने कुठे दिसतात आणि कुठे असायला हवी होती, हे प्रोग्राम ताडून पाहतो आणि प्रत्येक ठिपका त्याच्या जागी नेऊन बसवतो. मग तेच माप कांद्याच्या फोटोलाही लावता येते.

मला त्यातली एक गोष्ट विशेष आवडते. असा प्रोग्राम खरा उतरतो की नाही हे पाहण्यासाठी आधी संगणकातच एक बिनचूक जाळी आखतात, ती मुद्दाम हवी तेवढी वाकवतात आणि मग त्याला सरळ करायला देतात. खरे उत्तर हाती असल्यावाचून दुरुस्त करणाऱ्याची परीक्षा होऊच शकत नाही!

नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपण फोटो बदलला. मग आता खरा कुठला?" प्रश्न पोरकट नाही. शास्त्रज्ञांनाही तो सुटलेला नाही. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००२ पासून छापण्यापूर्वी चित्रे तपासायला आरंभ केला. फेरफार चित्रभर सारखा केला तर तो एक वेळ चालेल. आपल्याला हवा तेवढाच कोपरा खुलवणे चालणार नाही, असा त्यांचा दंडक. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ शोधनिबंध पाहिले, तर सुमारे ३.८ टक्क्यांत चित्रांची गडबड आढळली. पुणे विद्यापीठाच्या आवारातील एका संशोधनसंस्थेचा निबंधही अशाच संशयावरून परदेशी नियतकालिकाने २००७ मध्ये मागे घेतला. संशोधकांनी आरोप नाकारला. एका समितीने त्यांना निर्दोष ठरवले, दुसऱ्या मंडळाने दोषी. चित्रे तीच, पाहणारे सगळे जाणकार.

माझ्या मते भेद इथे आहे. ग्राफ पेपरला तुमचा हेतू माहीत नसतो. माप आधी घेतले, कांदा नंतर पाहिला, मूळ फोटो जपून ठेवला, तर बदललेला फोटो अधिक खरा. कांदा पाहून, तो कसा दिसावा हे मनाशी ठरवून माप काढले, तर मूळ वाकडा फोटोच बरा. त्यातही फुगलेली कड ताणून सरळ करताना ठिपक्यांत फटी पडतात, आणि त्या शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरल्या जातात. हे भरणे थोडे असते तोवर ठीक. आताची कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथेही सुबक पेशी रेखाटून देते. ती दुरुस्ती नव्हे, कादंबरी आहे. आणि कादंबरी लिहिणाऱ्याने तरी ती शास्त्र म्हणून खपवू नये.

पण माणसांचे काय? आपल्या गल्लीतला, आपल्या नात्यातला माणूस भिंगाच्या मध्यावर असतो, सरळ दिसतो. दिवाळी उलटली की गळिताचा हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडणीला आलेल्यांची मुले दौंडकडच्या शाळांत भिंतीला टेकून बसतात. ती कडेला असतात. कुणी त्यांना मंद ठरवतो, कुणी दयेने चार गुण जास्त देतो. दोघांनीही माप घेतलेले नसते. त्यांच्यासाठी ग्राफ पेपर आणायचा कुठून? अशा मुलाला फळ्यावरचा गुणाकार अडतो. पण आईबापांनी दिवसभरात किती मोळ्या बांधल्या आणि उचलीतले किती फिटले, हे विचारा. तो न अडखळता सांगतो. ते उत्तर आपल्या आवडीनिवडीने बदलत नाही, मुकादमाच्या वहीशी ताडून पाहता येते. आता मुकादमाच्या वहीतल्या रेघा कितपत सरळ असतात, हा पुन्हा निराळा प्रश्न.