समुद्राने न दिलेला दागिना

शिंपल्याची कर्णफुले, रेझिनमध्ये वाळू ओतून केलेली पदके, चांदीच्या तारेत बसवलेली कवडी. अंधेरी-बोरिवलीकडच्या हस्तकला प्रदर्शनांत असे दागिने आता सहज दिसतात. ते घडवणाऱ्याच्या मनात समुद्राविषयी प्रेम असते, यात शंका नाही. पण प्रेमाने घेतलेली वस्तूही न विचारता घेतलेली असू शकते. घाटकोपर-मुलुंडच्या जैन देरासरांत अस्तेय व्रत सांगितले जाते, ते केवळ शेजाऱ्याच्या पैशापुरते नाही. कोणी दिलेले नाही ते घेऊ नये, असे ते व्रत आहे. गीतेचा तिसरा अध्याय तर त्याहून कडक बोलतो. देवांनी दिलेले त्यांना काही न अर्पिता जो भोगतो, त्याला तो चोर म्हणतो. वस्तूला मालक नाही म्हणून ती आपली होते, हे दोन्ही परंपरांना मान्य नाही. म्हणून समुद्राचा आकार घ्यावा, त्याचे अंग घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

हा विचार बाहेरून आणावा लागत नाही. वेसावे, मढ, मनोरी, गोराईचे कोळी समुद्रावर जगतात, आणि घेण्याआधी थांबणे व देणे त्यांच्या वर्षक्रमातच आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हा सरकारी नियम असला, तरी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्याची रीत त्याहून जुनी आहे. मग नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत नेऊन दर्याला अर्पण करतात. म्हणजे सजवलेली वस्तू येथे आधी समुद्राला मिळते. महाराष्ट्राच्या सोनारकामातही समुद्र आकारानेच आला. कोल्हापुरी साजाच्या पानांत मत्स्य आणि कूर्म असतात, पण त्यासाठी कासवाची पाठ कोणी कापत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, शंख-पोवळे-मोती तर आपल्या धर्मातच आहेत, आणि तुळजाभवानीचे आराधी कवड्यांची माळ घालतात. खरे आहे. पण ती माळ देवीच्या सेवेची खूण आहे, ती घालणारा जोगवा मागतो. हौसेने संग्रह करणाऱ्याला तिचा आधार घेता येणार नाही. शिवाय जैन जीवविचारात शंख आणि कवडी हे दोन इंद्रियांचे जीव मानले आहेत. त्या कवचात राहणारा कोणीतरी होता, याचा विसर पडू नये. पोवळ्याचे तर आता कायद्यानेच ठरले आहे. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लाटेने आणून टाकलेला रिकामा शिंपला उचलला तर कोणाचे काय गेले? गेले ते साधुखेकड्याचे. त्याला स्वतःचे पूर्ण कवच नसते. मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात तो घर करतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. उरलेले शिंपले फुटून वाळू होतात. बाजारातले चकचकीत शंख तर बहुधा जिवंत प्राण्याकडूनच काढलेले असतात, कारण किनाऱ्यावर पडून राहिलेल्या शंखाची झळाळी टिकत नाही. इंग्लंडमध्ये १९४९ च्या किनारा संरक्षण कायद्याने ठरावीक किनाऱ्यांवरचे गोटेसुद्धा नेण्याला अटकाव करता येतो. किनारा कणाकणाने झिजतो, हे तिथे ओळखले गेले.

तिसरा आक्षेप मी पूर्ण खोडू शकत नाही. सोने-चांदीही धरणीच्या पोटातूनच येते. तरी आजीची पाटली वितळवून नातीचे पदक घडते; तेच सोने पिढ्यान्‌पिढ्या चालते. शंखाला तशी दुसरी घडण नाही. म्हणून नवा धातू विकत घेण्याआधी जुना वितळवावा.

एक गोष्ट मात्र किनाऱ्यावरून निःशंक उचलता येते, ती म्हणजे आपणच टाकलेली काच. इंग्लंडच्या ईशान्येला सीहॅम येथे जुन्या बाटली कारखान्याच्या काचेचे तुकडे लाटांनी घासून गुळगुळीत झाले आणि त्यांचे दागिने होतात. वेसाव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून लोकांनी ढीगभर कचरा हातांनी उचलला. आपल्या कारागिरांनी तिथली काच घ्यावी, माशाचा आणि शिंपल्याचा आकार चांदीत घडवावा, आणि शंख जिथे पडला आहे तिथेच राहू द्यावा.